वरूनच कळेल

सालमे : हे बघ डॉक्टर, सील मी परकर-पोलक्याच्या वयापासून बघत आलेय. आमची जाळी फाडणारी जात ती. तिला आता वरून बघून काय ओवाळू? विमान घेऊन तिसरी चक्कर मारतोयस या सीलच्या खडकांभोवती.

उर्मास : तुम्हीच म्हणालात ना काकू, नवे डोळे मिळालेत, सगळी बेटं दाखव म्हणून?

सालमे : म्हणाले. मानिया दाखवलंस, बरं वाटलं. रुह्नूला उतरवलंस, कॉफी पाजलीस, त्यांचा धुरावलेला मासा खाऊ घातलास. कोरडा ठणठणीत होता, पण खाल्ला. आता घर. आमचं किहनू ते तिथे आहे, नाकासमोर. मोतीबिंदू माझा काढला की तुझा?

उर्मास : दिसतंय हो मला किहनू.

सालमे : मग वळव की हे तुझं खेळणं तिकडे. तू बेटं दाखवत नाहीयेस, वेळ काढतोयस. दात उपटायची वेळ आली की तुझे पेशंट भिंतीवरची सगळी चित्रं निरखत बसतात ना, तसा.

उर्मास : काहीतरीच काय! हवा छान आहे, पेट्रोल भरपूर आहे...

सालमे : आणि तोंड पांढरंफटक आहे. विमान चालवणाऱ्याने घाबरलेलं मला चालणार नाही. मी मोटारसायकलवर अख्खं आयुष्य काढलं, बर्फावरून चालवली, साइडकारमध्ये मेंढ्या घालून चालवली, पण स्वतः चालवली. इथे माझा जीव तुझ्या हातात आहे. काय झालंय ते सांग. आज मोजेसुद्धा धड घातले नाहीस.

उर्मास : मोज्यांना काय झालं?

सालमे : एक लाल, एक गडद हिरवा. सकाळपासून बघतेय. म्हटलं, तुमच्या पार्नू शहरात नवी फॅशन आली असेल.

उर्मास : नाही हो, दोन्ही काळे आहेत.

सालमे : दोन्ही काय?

उर्मास : काळे... नाहीत का?

सालमे : थांब. हा माझ्या डोक्याचा रुमाल कुठल्या रंगाचा?

उर्मास : गडद आहे.

सालमे : गडद हा रंग झाला होय रे? लालभडक आहे तो! अरे देवा. तुला रंग दिसत नाहीत! आणि तू मला समुद्रावरून घेऊन चाललायस!

उर्मास : सगळे दिसतात काकू. निळा दिसतो, पिवळा दिसतो. फक्त लाल तेवढा दिसत नाही, आणि गडद हिरवाही त्यात मिसळतो. लाल मला काळाच वाटतो. जन्मापासून. म्हणून तर मला फक्त दिवसा उडायची परवानगी आहे. रात्री सगळा कारभार लाल-हिरव्या दिव्यांवर चालतो ना.

सालमे : आणि माझी कवळी? तिचा रंग कोणी ठरवला?

उर्मास : रंग आमची नर्स ठरवते.

सालमे : तरीच चांगली झाली. बरं, मग त्यात एवढं घामाघूम होण्यासारखं काय आहे? लाल दिसत नाही म्हणून काही विमान पडत नाही.

उर्मास : काकू, तुम्हाला एक सांगायचंय. कसं सांगू कळत नाही.

सालमे : मेरिकेचं ना?

उर्मास : तुम्हाला... माहीत आहे?

सालमे : शाळेतल्या पोरांचे दात तपासायला म्हणून पहिल्यांदा आलास, ते बरोबर. पण त्यानंतर दर शनिवारी? आमच्या बेटावर दर शनिवारी कोणाचा दात दुखतो, ते कळत नाही का मला? अख्ख्या एस्टोनियात एवढ्या स्वच्छ दातांची पोरं नसतील. डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, कान शाबूत होते माझे. तुझं विमान वाजलं की माझी विधवा सून हातातलं काम टाकून उगीचच अंगण झाडायला जायची. दोन-दोनदा झाडायची.

उर्मास : दोन-दोनदा?

सालमे : हसू नकोस, पुढचं सांग.

उर्मास : गेल्या शनिवारी मी तिला विचारलं. लग्नाचं. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, पुढच्या शनिवारी आईंना दवाखान्यातून घेऊन ये, विमान उतरतं त्या मैदानाच्या कुंपणापाशी मी उभी असेन. वरूनच कळेल तुला. लाल घागरा असेल तर उतर आणि जेवायला थांब. काळा असेल तर आईंना सोड आणि वाईट वाटून न घेता परत जा.

सालमे : बरोबर बोलली. आमच्यात बाई तोंडाने सांगत बसत नाही. घरातलं माणूस गेलं की काळा-निळा घागरा, आणि दुःख उतरत गेलं की लाल रेघा वाढत जातात. बाईच्या मनात काय आहे ते अख्ख्या गावाला घागऱ्यावरून कळतं. तुझ्यासारख्यालाच फक्त... अरे! अरे गाढवा!

उर्मास : हो.

सालमे : आणि तू तिला काय म्हणालास?

उर्मास : बरं म्हणालो.

सालमे : बरं म्हणालास! तिथल्या तिथे सांगायचं नाहीस, की बाई, मला लाल दिसत नाही?

उर्मास : ती एवढा धीर करून बोलत होती, काकू. त्यात मी माझ्या डोळ्यांचं रडगाणं कुठे लावू? आणि खरं सांगू, ती काय बोलतेय ते मला घरी पोचल्यावर नीट कळलं. तिथे मी नुसता तिच्याकडे बघत होतो.

सालमे : फोन करायचा होतास.

उर्मास : रोज हातात घेत होतो. वाटायचं, फोनवर विचारलं तर फोनवरच नाही म्हणेल. त्यापेक्षा शनिवारपर्यंतची आशा बरी.

सालमे : आता काय करणार आहेस? टॉस उडवणार?

उर्मास : तुम्ही बघाल का?

सालमे : मी?

उर्मास : तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं.

सालमे : शुद्धीवर आहेस का? मेरिकेचा नवरा एन्देल माझा मुलगा होता. पोटचा. समुद्राने नेला तो, पुरायलासुद्धा मिळाला नाही. त्याची आई तुझ्या शेजारी बसलीय, आणि तिला तू सांगतोस की तुमच्या सुनेने मला होकार दिला का तेवढं जरा बघा?

उर्मास : हो.

सालमे : लाज नाही वाटत?

उर्मास : वाटते. पण विमानात दुसरं कोणी नाही.

सालमे : (खिडकीकडे तोंड फिरवते.)

उर्मास : काकू? रागावलात?

सालमे : हसतेय रे. एन्देलही असाच होता. बोटीत गळती सापडली की आधी मला हाक मारायचा. आणि समज, मी खोटं सांगितलं तर? लाल असताना काळा म्हटलं तर?

उर्मास : तर मला कधीच कळणार नाही. तुम्हाला उतरवीन आणि जाईन.

सालमे : एवढा विश्वास?

उर्मास : आजवर तुम्ही मला शिव्या भरपूर दिल्यात. खोटं कधी बोलला नाहीत.

सालमे : हं. चल, वळव. घाबरत घाबरत म्हातारा होशील. तुला ती आवडते ना पण? की नुसतं एकटं जेवायचा कंटाळा आलाय?

उर्मास : मला ती हवी आहे, काकू. ती समोर नसली की दिवस सरत नाही. याहून चांगलं मला बोलता येत नाही.

सालमे : पुरे एवढं. तुझ्या शेजारी तिची सासू बसलीय, भान ठेव... ए, ते बघ! दीपगृह! केवढं पांढरं आहे ते! मला वाटायचं, राखाडी झालं असेल. आणि तो चर्चचा मनोरा. आणि ते आमचं छप्पर! अगं बाई, एवढं शेवाळ चढलंय? कोणी सांगितलंसुद्धा नाही मला. मेरिकेला म्हणाले असते, शिडी लाव.

उर्मास : मैदान उजवीकडे आहे. मी खाली घेतोय.

सालमे : माझी मोटारसायकल! मला न्यायला साइडकारवाली आणलीय पोरीने. तिच्या शेजारी... हां. उभी आहे.

उर्मास : मलाही दिसतेय. काळीच दिसतेय, काकू. काळी आकृती.

सालमे : तुला काळीच दिसणार. गप्प बस.

उर्मास : सांगा ना.

सालमे : पुन्हा एकदा फिरव.

उर्मास : काळा आहे का?

सालमे : फिरव म्हणते ना! आणि अजून खाली घे. गवत लागलं तरी चालेल.

उर्मास : काकू, तुमच्या डोळ्यांत पाणी का आलंय? डॉक्टरांनी सांगितलंय, डोळे चोळायचे नाहीत. औषधाचे थेंब घालायचे राहिले का?

सालमे : औषधाचं नाही ते पाणी. लाल आहे रे.

उर्मास : काय?

सालमे : लाल आहे. कमरेपासून घोट्यापर्यंत लाल. लग्नाआधी पोरी घालतात तसा. मध्ये एक बारीकशी निळी रेघ ठेवलीय. ती एन्देलची असणार.

उर्मास : ती राहिलीच पाहिजे, काकू. ती कधीच... अहो, लाल! लाल आहे! लाल!

सालमे : ओरडू नकोस! दोन्ही हातांनी धर ते! तुझ्या लग्नाआधी मला मरायचं नाही.

उर्मास : धरलंय. धरलंय. आता उतरतो. लगेच उतरतो.

सालमे : नाही. अजून एक चक्कर.

उर्मास : आता कशाला?

सालमे : मला नीट बघू दे. उर्मास... ती लोकर माझी आहे.

उर्मास : म्हणजे?

सालमे : माझ्या पेटीतली. माझ्या आईने मंजिष्ठेच्या मुळ्यांनी रंगवलेली. असा लाल आता कोणालाच जमत नाही. आंधळी झाले तरी ओळखीन म्हणायचे मी... आणि आंधळीच होते रे मी. हिवाळ्यात मेरिके म्हणाली, आई, जुन्या घागऱ्याला काठ लावायचाय, थोडी काळी लोकर द्या. मी पेटीत हात घातला. तेव्हा मला सगळंच धुरकट आणि काळं. काळी म्हणून होती तेवढी सगळी काढून दिली.

उर्मास : आणि ती लाल होती.

सालमे : लाल होती. मेरिके लोकर हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग एकदम माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. मला वाटलं, एन्देलची आठवण आली. मीही रडले. दोघी रडलो पोटभर. ती कशासाठी रडत होती ते मला आज कळतंय.

उर्मास : तिला वाटलं, तुम्ही परवानगी दिलीत.

सालमे : दुसरं काय वाटणार? काळी मागितली आणि सासूने लाल हातात ठेवली!

उर्मास : पण तुम्ही दिली नव्हती.

सालमे : नव्हती.

उर्मास : दिली असतीत? दिसत असतं तर?

सालमे : खरं सांगू? नसती दिली. तेव्हा नसती. काळीच शोधून काढली असती, आणि वर म्हटलं असतं, काठ रुंद लाव.

उर्मास : मग मी उतरून राहू कसा, काकू? तुम्हाला सोडतो आणि जातो. तिला सांगा, मला लाल दिसला नाही. ते खरंही आहे.

सालमे : वारा कुठून आहे?

उर्मास : पश्चिमेकडून.

सालमे : मग पश्चिमेकडे तोंड कर आणि उतर. जायचं की राहायचं ते मागाहून. लोकरीचं काय ते मी बघते. तू त्यावर तोंड उघडायचं नाहीस. अक्षर नाही. बाकी काय बोलायचं ते बोल.

(विमान गवतावर उतरतं. पंखा थांबतो. मेरिके कुंपण ओलांडून पळत येते.)

मेरिके : आई! सावकाश, पाय इथे ठेवा. डोळे कसे आहेत? मी दिसतेय नीट?

सालमे : चांगली दिसतेस. कानामागे चार पांढरे केस आलेत तुझ्या. आणि छपरावर शेवाळ.

मेरिके : आल्या आल्या सुरू झालात! उर्मास, एवढ्या चकरा कशाला मारल्यास? दुसऱ्यांदा वर गेलास तेव्हा वाटलं, परतच चाललास.

उर्मास : मेरिके, मला लाल दिसत नाही.

मेरिके : म्हणजे?

उर्मास : जन्मापासून. लाल आणि काळा मला सारखेच. तू सांगितलंस तेव्हा मी बोललो नाही. आज मोजेही वेगवेगळे घातलेत म्हणे.

मेरिके : अरे बापरे, खरंच की! आणि मी वेडी सगळा हिवाळा... मग तू उतरलास कसा?

उर्मास : काकूंनी सांगितलं.

मेरिके : आई? तुम्ही सांगितलंत याला? लाल आहे म्हणून?

सालमे : मग काय, सील येऊन सांगणार होते? आता रडू नकोस, मला डोळे ओले करायला मनाई आहे.

मेरिके : नाही रडत. आई, एक विचारू? मी काळी लोकर मागितली आणि तुम्ही लाल दिलीत. तेव्हापासून विचारायचंय. कधी वाटायचं, आईंनी माझं मन ओळखलं. मग विणायला बसायची. कधी वाटायचं, त्यांना बिचाऱ्यांना दिसलंच नसेल, मी त्यांच्या आंधळेपणाचा फायदा घेतेय. मग उसवायची. अर्धा घागरा दोनदा उसवलाय मी.

सालमे : डॉक्टर, तू जा, विमान बांध. वारा आहे.

उर्मास : बांधतो नंतर, काकू.

सालमे : आत्ता बांध.

उर्मास : बरं.

मेरिके : सांगा ना, आई. खरं काय ते. चूक झाली असेल तर अजूनही...

सालमे : इकडे ये. उजेडात उभी राहा. हं. फार छान विणलायस. ती निळी रेघ तर फारच छान.

मेरिके : आई.

सालमे : नीट बघून दिली होती, पोरी.