मृगाचा किडा, तोही दिवाळीनंतर

बोंडअळीच्या त्या वर्षांत महागावच्या माझ्या कृषी केंद्रात लोक काडीपेटीत किडे घेऊन यायचे, आणि मी, शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, चष्मा लावून त्यांची नावं सांगायचो. चुकलोही असेन, पण कुणी तसं तोंडावर बोललं नव्हतं.

दिवाळीनंतर एकदा रुखमाबाई आली. वरून आभाळ भरलेलं, आणि तिच्या वेचणीच्या बायका कापूस सोडून बांधावर बसलेल्या. हा किडा डसला की माणूस मरतो, असं त्यांचं म्हणणं. तिनं काडीपेटी उघडली. आत लाल मखमली किडा.

"हा तं मृगाचा किडा," मी म्हणालो. "गरीब जीव हाय."

"दिवाळी झाली ना भाऊ. अन् याच्या पाठीवर पांढरे ठिपके काहून? कंबर पाहा कशी बारीक हाय. पाय बी सहाच. मृगाच्या किड्याले आठ असते."

"बाई, दुकान कोणाचं हाय?" असं म्हणून मी किडा तळहातावर घेतला.

पुढचा अर्धा तास माझा हात बादलीत होता. ती बिनपंखांची गांधीलमाशी, आणि मादी असल्यानं डंखवाली, हे कृषी सहायकानं मला नंतर सांगितलं.

रुखमाबाई मात्र हलली नाही. स्टुलावर बसून दोन चहा प्यायली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"आता काय पाहून राह्यली?" मी वैतागलो.

"काही नाही," ती उठली. "जाऊन बायकाइले सांगतो, दुकानदार जिता हाय, चला वेचायले."