गुरुजींनी कोणाचं नाव घ्यावं?

दाताच्या दवाखान्यात प्रवचनकार गुरुजी सुजलेल्या गालावरून थेट डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून बसले होते. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या मेहुण्याचं नाव उद्याच्या प्रवचनात घ्याच, असा बायकोने सकाळपासून धोशा लावला होता. समोरच्या बाकावर दोन जावा होत्या.

"मी म्हणते, गुरुजींनी देवाचं बोलावं. मत कोणाला द्यायचं ते कशाला सांगायचं?"

"अहो ताई, सांगू द्या की!"

"आणि लोकांनी ऐकलं म्हणजे?"

"कोण ऐकतंय! मागे प्रवचनात त्यांनी त्या प्लंबरची तारीफ केली. घरभर भांडी तरंगली, विसरलात?"

"बाई बाई! मामंजी पलंगावर बसून 'नाव आणा, नाव' ओरडत होते!"

"आणि त्यांनी नावाजलेला तो गाण्याचा मास्तर? पोरगी राहिली बाजूला, कुत्रा सुरात रडायला शिकला!"

"म्हणजे आता ते ज्याचं नाव घेतील..."

"त्याला सोडून दुसऱ्याला मत! अख्खी गल्ली तसंच ठरवून बसलीय. म्हणून तर म्हणते, त्यांना बोलायची मोकळीक हवीच. ते गप्प बसले तर आपण ठरवायचं कसं?"

आतून हाक आली, "गुरुजी, चला!"

मफलर उठला. दोघींनी जीभ चावली.

गुरुजी दारात थांबले. मफलर खाली ओढून, सुजल्या तोंडाने एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाले,

"माझ्या मेहुण्याच्या विरोधात जो उभा आहे ना, तो... अगदी देवमाणूस आहे हो!"