माहेरचं की सासरचं

—नाही नाही, बसा तुम्ही, स्टुलावरचे गिऱ्हाइकांचे कपडे खाली ठेवा, धुवायचेच आहेत. ती तुमची बर्फाची पेटी मात्र इस्त्रीपासून लांब. मी काय म्हणत होते? हां, तुमच्या त्या संशोधनाला रक्त. घ्या की, बादलीभर घ्या, माझी कुठे ना आहे? मुलानं दिलं ना मघाशी? वाटलंच. त्याच्याकडे काही मागा, तो नाही म्हणतच नाही—वर तुमच्या बाहीवरचा शाईचा डाग बघून काढून देतो म्हणाला असेल. म्हणालाच ना? डाग काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. आवाज ऐकू येतात त्याला, ते येतात—पण गोळ्या वेळेवर घेतल्या की तेही बिचारे हळू बोलतात. माझं म्हणणं एवढंच, रक्त घेतलंत की मला एक कागद द्यायचा. शिक्क्याचा. हे दुखणं कोणाच्या बाजूनं आलं, माझ्या माहेरून की ह्यांच्याकडून—एवढी एक ओळ. बास.

हळू बोला हं, सासूबाई वर आहेत. एरवी घंटा वाजवली तरी ऐकू येत नाही, पण माझा विषय निघाला की भिंतीपलीकडचं ऐकू येतं. मुलगा पहिल्यांदा आजारी पडला, कॉलेजात होता तेव्हा, तर डॉक्टर स्किझोफ्रेनिया हा शब्द पुरता उच्चारतायत तोवर सासूबाईंनी निकाल दिलासुद्धा—"आमच्यात असलं काही नाही बाई." झालं. पहिला नंबर आला तेव्हा पोरगं आजोबांवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर गेलं होतं. नाक त्यांचं, अक्षर त्यांचं, गाता गळा त्यांचा, आणि बिघडलं तेवढं डोकं माझं. ह्यांचं विचाराल तर हे आईसमोर पेपर वाचतात. कालचाही वाचतात.

म्हणून तर भाच्याला सांगून मागच्या वर्षी त्या खासगी लॅबची तपासणी केली. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. रिपोर्ट आला—गुळगुळीत कागद, रंगीत आलेख, थाट काही विचारू नका. आणि लिहिलंय काय? तर मुलाला स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका सरासरीपेक्षा कमी! बारा वर्षं गोळ्या खाणाऱ्या माणसाला! त्यानं स्वतः वाचलं, म्हणाला, "आई, अभिनंदन, मला काही झालेलं नाही." आणि हसला. मीही हसले, काय करणार? भाच्यानं हौसेनं स्वतःचंही थुंकून पाठवलं होतं—तर त्याला धोका भरपूर. तो ठणठणीत आहे हो, बँकेत आहे. पण तेव्हापासून बायको त्याला गाडीची किल्ली देत नाही.

मघाशी तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या धोक्याचं गणित ज्यांच्या रक्तावरून मांडलं ती बहुतेक सगळी युरोपी वंशाची, आमच्यासारखी त्यात नावाला. त्यांना ते बऱ्यापैकी लागू पडतं, आम्हाला जेमतेम. म्हणजे माप एकाचं आणि कपडे दुसऱ्याला, असंच ना? अहो, मग हे त्या रिपोर्टवर छापायला काय झालं होतं? छापलंय? कुठे—हे, इथे तळाशी? मला वाटलं शाई सांडलीय! असो. आता तुम्ही आमच्यासारख्यांचं रक्त गोळा करताय, उशिरा का होईना आठवण झाली आमची. विचारा काय विचारायचं ते.

माझ्या माहेरी? कोणी नाही. लिहा—कोणी नाही. पिढ्यान्‌पिढ्या शहाणी माणसं. मोठे मामा तेवढे जरा—पण ते आजारी नव्हते हो, एकटे राहायचे इतकंच. दाराला आतून खुर्ची लावून झोपायचे. शेजारी भिंतीतून आपले विचार चोरतात म्हणायचे—आता शेजारीही काही साधे नव्हते. ताट आलं की आधी मांजराला घास, त्याला काही झालं नाही की मग स्वतः. आई म्हणायची, मामा हळवा आहे. मला पाढे त्यांनीच शिकवले, माझ्या लग्नात मात्र ते परगावी होते. कसलं परगाव—मागच्या खोलीत होते, आईनं बाहेरून कडी घातली होती, आणि मी नटूनथटून त्या कडीसमोरून—लिहू नका ते. अहो, लिहू नका म्हटलं ना! ह्यांनासुद्धा ठाऊक नाही.

...बरं, लिहा. लिहिलंच आहेत तर राहू दे. पण मग वर जाऊन सासूबाईंनाही विचारा, बघू तोंड उघडतात का. रक्त तर देणारच नाहीत, सुई बघून—दिलं? कधी? मी कपडे पोचवायला गेले होते तेव्हा? आणि काय सांगितलं त्यांनी? नाही सांगणार? बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. माझंही वर सांगायचं नाही मग, बघा हं.

आणि कागद? मिळणार नाही म्हणजे काय? हजारो माणसांचं एकत्र करून बघणार, एकेका घराचा निवाडा त्यातून होत नाही—आणि हे दुखणं एकाच बाजूनं येतं असंही नाही? बारीकसारीक कितीतरी जनुकं, थोडी इकडची, थोडी तिकडची, आणि वर आणखी काय काय? अहो, मग इतकी वर्षं मी ह्या घरात मान खाली घालून वावरले ती कशासाठी? कागद राहू द्या. तुम्ही शिकलेल्या आहात, तोंडी सांगा, मी कोणाला सांगायची नाही—माझ्याकडून तर नाही ना गेलं त्याच्यात?

काय झालं? असं का बघताय?

...सासूबाईंनी? हेच विचारलं? ह्याच शब्दांत?

अगं, काहीतरी चुकतंय तुझं. ती बाई—रडल्या? त्या? माझ्यादेखत तर कधी—

नाही, माझं रक्त आज नको. उद्या ये. पेटी उचल तुझी, आणि इस्त्रीचं बटण तेवढं बंद कर जाताना. मला वर जायचंय.