अर्धवट लॉट

(आखाती शहरातला एक नेमबाजी क्लब. काडतुसं भरायची खोली. तिथे काम करणारा विन्स्टन आणि त्याची मुलगी ऑड्री. टेबलावर पिस्तुलाचं सुटं बॅरल.)

विन्स्टन : काडतूस बॅरलमध्ये वरून नुसतं सोड. दाबायचं नाही, बाय.

ऑड्री : सोडलं. वरच अडकलं, पप्पा.

विन्स्टन : म्हणजे लांब झालं. गोळीचं नाक बॅरलच्या आतल्या आट्यांना टेकतंय. असलं काडतूस पिस्तुलात गेलं की स्लाईड बंद होत नाही आणि मेंबर क्लब डोक्यावर घेतो. आता हे टाक.

ऑड्री : टप्पकन गेलं.

विन्स्टन : बॅरल उलटं कर.

ऑड्री : पडलं बाहेर. आपोआप.

विन्स्टन : खलास! ही लांबी पक्की.

ऑड्री : आणखी आखूड केलं तर? मग आणखी सहज जाईल की.

विन्स्टन : जाईल ना. गोळी आत रुतली की दारूला जागा उरत नाही. दाब वाढतो, पिस्तूल फुटतं. पुस्तकं एवढी वाचतेस, डोक्यात काय जातं तुझ्या?

ऑड्री : पण लांबी तर मागच्या महिन्यातच ठरवली होती तुम्ही.

विन्स्टन : ती जुन्या गोळ्यांची. ह्या नव्यांचं नाक जाड आहे. नाक बदललं की पहिल्यापासून सुरुवात. हे दोन नुसते नमुने, दारू नाही यांत. आता खरी भरायला बसतो.

ऑड्री : उद्या बसा. कुसैसला घरी पोचेपर्यंत ट्रॅफिक लागेल.

विन्स्टन : तू हो पुढे. बोंबील तळून ठेव. यल्ला, निघ.

ऑड्री : बरं.

(पुढचा महिना. क्लबमधली तीच काडतुसं भरायची खोली. ऑड्री आणि विन्स्टनचा सहकारी नीलेश.)

नीलेश : बस ना, अंकलच्याच खुर्चीवर. फ्युनरलला यायचं होतं गं, लीव्ह मिळाली नाही.

ऑड्री : असू दे, नीलेशदादा. ॲम्ब्युलन्स तूच बोलावलीस. वसईला मातीला सगळा गाव आला होता.

नीलेश : डबा आणि चष्मा या पिशवीत आहे.

ऑड्री : आणि तो ट्रे?

नीलेश : ॲम्ब्युलन्स आली त्या संध्याकाळचा लॉट. अंकलनी भरलेला. आज खोलायचाय.

ऑड्री : खोलायचा म्हणजे?

नीलेश : एकेक गोळी उपटून काढायची. दारू वेगळी, पितळेची केस वेगळी.

ऑड्री : का? पप्पांचं काम कधी चुकलं नाही.

नीलेश : सुरुवातीची परफेक्ट आहेत. मी कॅलिपर लावून लांबी मोजली. पुढे पुढे लांब होत गेलीयत. शेवटची तर बॅरलमध्ये बसतच नाहीत.

ऑड्री : मशीन बिघडलं असेल.

नीलेश : चेक केलं. मशीन ओके आहे. हँडल पूर्ण खाली ओढलं नाही की गोळी अर्धवट बसते.

ऑड्री : ओढता येत नव्हतं त्यांना.

नीलेश : हातातली ताकद गेली असणार. अर्धांगाचा झटका हळूहळू आला, असं डॉक्टर म्हणाले ना.

ऑड्री : आणि ते भरतच बसले? हाक नाही मारली कुणाला?

नीलेश : मी इथे बाहेर काउंटरलाच होतो, ऑड्री. नाही मारली.

ऑड्री : सुरुवातीची चांगली आहेत म्हणालास. तेवढी तरी ठेव. वापरू दे कुणाला.

नीलेश : अर्धवट लॉट वापरायचा नाही. भरणाऱ्याने स्वतः शेवटी तपासल्याशिवाय एकही बाहेर जात नाही. रूल अंकलचाच आहे.

ऑड्री : मग एक मला दे.

नीलेश : भरलेलं काडतूस गेटबाहेर गेलं तर आपण दोघंही जेलमध्ये. दारू काढून देऊ का?

ऑड्री : नको. मग त्यात पप्पांचं काय उरलं?

नीलेश : तू बाहेर बसतेस? मी उरकतो.

ऑड्री : नाही, इथेच बसते. तू कर.

नीलेश : मग बोल काहीतरी. त्यांचं काम तोडतोय मी, असं गुपचूप नाही जमणार मला.

ऑड्री : कुणाशी बोलू?

नीलेश : त्यांच्याशीच बोल. मी ऐकत नाही.

ऑड्री : पप्पा... मला तुमच्याशिवाय करमत नाही.