कोमट म्हणजे नेमकं किती?

कोमट म्हणे! अहो, पण कोमट म्हणजे नेमकं किती? साधा प्रश्न आहे की नाही? घरात तीन बायका, म्हणजे आई, सासूबाई आणि एकुलती एक बायको. तिघींना विचारलं, तिघींचं उत्तर एकच... 'कोमट म्हणजे कोमट!' घ्या!

तुम्हाला सांगतो, झालं असं की मी जाहीर केलं, आज पोरीला अंघोळ मी घालणार. पहिलीच मुलगी हो आमची, अजून मानही धरत नाही, आणि माझ्या हातात कुणी धड देईल तर शपथ! घेतली की लगेच, 'अरे, मान सांभाळ', 'अरे, तुझा हात जड आहे'... म्हणजे बाप मी आणि वागणूक पाहुण्याची! जाम वाईट वाटायचं, खरंच. तर बायको म्हणाली, 'घाल की. फक्त पाणी कोमट घे.'

फक्त!

आता हा शब्दच बघा. गरम कळतं, गार कळतं. हे मधलं काय? चहा कोमट झाला की शिव्या, आणि घसा बसला की तेच कोमट पाणी अमृत! पोट बिघडलं, कोमट पाणी. वजन वाढलं, कोमट पाणी. परवा साहेब म्हणाले, 'तुमच्या योजनेला प्रतिसाद कोमट आहे.' मला वाटलं कौतुक करतायत, मी थँक्यू म्हणालो! शेवटी शब्दकोश काढला. तर त्यात, 'कोमट : किंचित ऊन.' आता किंचित म्हणजे किती, ते कुणाच्या बापाला ठाऊक? इथे बाप मीच, आणि मलाच ठाऊक नाही!

बादली भरली. आईनं हात घातला. 'छे, गारढोण आहे! ओत अजून.' ओतलं. 'हां, आता झालं कोमट.' मी बोट घातलं आणि... आई गं! अहो, ही बाई गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवते, तिच्या हाताला विचारून काय उपयोग? तेवढ्यात सासूबाई, 'अगंबाई, जावईबापू, लेकीला अंघोळ घालताय की उकडताय?' ओता गार. आई म्हणते, 'विहीणबाई, सर्दी होईल हो तिला.' ओता गरम. 'विहीणबाई, कातडी नाजूक असते हो.' ओता गार! दोघी इतक्या गोड बोलत होत्या ना, की मला घाम फुटला. बादली वाहायला लागली, आणि कोमट म्हणजे नेमकं किती ते काही ठरेना. मी आपला थर्मामीटर आणला, तर आई म्हणते, 'ताप पाण्याला आलाय का?'

शेवटी बायको पोरीला उघडीच घेऊन आली. 'तुमचं ठरेपर्यंत ही शाळेत जायची,' म्हणाली आणि दिली माझ्या मांडीवर. मी म्हटलं, बास! आता बाप ठरवणार! डाव्या तळहातावर मान, अगदी बरोबर हां, कुणी काही म्हणा... पोरगी टकामका माझ्याकडे बघतेय... उजवं कोपर पाण्यात बुडवणार, तोच पोटावर काहीतरी पसरलं. आधी कळलंच नाही हो! कसं कळणार? ना गरम, ना गार. अचूक! शर्ट चिंब, लेंगा चिंब, तिघी पोट धरून हसतायत, पोरगी मोकळी होऊन जांभई देतेय, आणि मी जागचा हलत नाही. हललो तर तिची मान हलेल ना!

तर आता मला विचारा, कोमट म्हणजे नेमकं किती. बरोब्बर सांगतो. पोरीला अंघोळ शेवटी दोघी आज्यांनीच घातली. आणि मला... पोरीनं!