डोळ्यांतलं औषध

ठाण्याच्या सांधेवाल्या डॉक्टरकडे विठ्ठलचा नंबर बाविसावा. मागच्या बाकावर दोघी बायका बोलत होत्या.

"ताई, तुम्हाला काय काय आहे?"

"थायरॉईड, मग संधिवात, आता डोळ्यांतलं पाणी आटलंय. तुला गं?"

"तिन्ही तेच. सासूबाई गेल्या तेव्हा खूप रडले, पण डोळ्यांतून टिपूस नाही. नणंद तेव्हापासून बोलत नाही."

"सांगायचं ना तिला."

"सांगितलं. म्हणते, वहिनी, दरवर्षी तुझा नवीन आजार."

"आणि सासूबाई?"

"त्यांना माहीत होतं. माझी बोटं आखडतात, म्हणून डोळ्यांत औषध त्याच घालायच्या."

"आता कोण घालतं?"

"मीच. निम्मं गालावर ओघळतं."

"मग तश्शीच जा नणंदेच्या दारात."

"गेलेले ना तिच्या घरी, कोपर स्टेशनजवळ. म्हणाली, आता कशाला रडतेस?"