गल्लीच्या वळणावरचा हॉर्न

(नांदुरा. संध्याकाळ. सायकलवर भाजी विकणारे उकंडराव बाजेवर पाय लांब करून बसलेले. मुलगा कुलदीप दारात ऑटो लावून नुकताच आत आला आहे.)

सुभद्राबाई : तुया हॉर्न ऐकला अन् मी तवा ठेवला. हे रोजच्यासारखे उठले नाहीत दार उघडाले. मंग समजलं, पाय लयच दुखून राह्यला.

कुलदीप : पण पाडलं कोणं, बाबा? नंबर तरी पाहाचा.

उकंडराव : कोणं नाही. गड्डा होता.

सुभद्राबाई : गड्ड्यानं मेथी नालीत जाते का सारी? शेजारच्या जनकाबाईनं पाह्यलं. ऑटोवाल्यानं दाबलं म्हणे.

कुलदीप : कोणता? स्टँडवरचे समदे ओळखतात मले. उद्या पाहतोच त्याले.

उकंडराव : राहू दे. हळद लावली, झालं.

कुलदीप : मी तं म्हणतो, ते सायकलच इकून टाका. सायकलवालेही कमी नाहीत हो. मधातून चालतात. मांगून सवारी बोंबलते, गाडी हुकली म्हणून, अन् हे आपले रमत-गमत.

सुभद्राबाई : मंग त्यायनं जावं कुठून? कडेनं तुमचेच ऑटो उभे.

कुलदीप : आमी तरी कुठं उभं राहावं, माय? दिवसभर डोकं फिरून जाते. आजचंच पाह्य. स्टेशनची सवारी घेऊन चाललो, तं पुढं एक जण. तोंडाले दुपट्टा, मांगं हा मोठा टोपला. हॉर्न देल्ला, तं बाजूले व्हाचं सोडून हात वर करते मले. म्हटलं, रस्ता काय याच्या बापाचा आहे? मारला कट अन् निघालो.

सुभद्राबाई : टोपला कशाचा होता?

कुलदीप : भाजीचा असन. तू काऊन अशी पाहून राह्यली?

सुभद्राबाई : दोरीवर यायचा दुपट्टा वाळत घातला, तो पाह्य.

कुलदीप : ... बाबा, तुमी तं बाजारातून जाता ना रोज?

उकंडराव : तिकडं रस्ता खोदला आज.

कुलदीप : मंग हात काऊन वर केला तुमी?

उकंडराव : तू गल्लीच्या वळणावर वाजवतं तोच हॉर्न. मले वाटलं, पोरगा आवाज देऊन राह्यला.

कुलदीप : तोंड दिसलं नाही, बाबा. खरंच नाही दिसलं.

उकंडराव : सायकलवाल्याचं कोण पाहते.

कुलदीप : उद्यापासून मी सोडतो तुमाले ऑटोनं.

उकंडराव : अन् सवारी? नको. पायाची सूज उतरली का सायकलनंच जाईन मी.

कुलदीप : मंग तो हॉर्न काढून टाकतो.

उकंडराव : काऊन? तुया मायनं तवा कशावर ठेवाचा? वाजवत जाय तू. रस्त्यावर आता मी मांगं पाहत नाही.